दक्षिणेची खिडकी आणि लवंगी मिरची

महाराष्ट्रातील मिरची हे मुख्यतः खरिपाचे पीक आहे. मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर बी पेरायचे, पाऊस स्थिरावला की रोपे सरी-वरंब्यावर लावायची आणि दसऱ्याच्या आगेमागे हिरव्या मिरचीचे तोडे सुरू करायचे, असा तिचा रुळलेला क्रम आहे. आणि शहरातील सदनिकेत पहिल्यांदाच मिरची लावू पाहणारा हौशी माणूसही, गावाकडून आलेल्या सवयीने म्हणा किंवा पहिल्या पावसाच्या उत्साहाने म्हणा, बहुधा जूनमध्येच बी मातीत टाकतो. बी उगवते, रोप पंधरा दिवसांत वीतभर वाढते, पण त्याचे खोड दोऱ्यासारखे बारीक राहते, पाने फिकट पडतात आणि गौरी-गणपतीच्या सुमारास ते आडवे होते. दोष मातीला दिला जातो, पाण्याला दिला जातो, क्वचित लावणाऱ्याच्या 'हाताला' दिला जातो. खरे कारण मात्र बहुतेक वेळा एकच असते: ज्या महिन्यांत शेताला पुरेसा उजेड असतो, त्याच महिन्यांत खिडकीत तो सर्वांत कमी असतो. खिडकी हे लहान शेत नव्हे, तिचे पंचांगच निराळे आहे, आणि घरातील मिरचीचे यश माती-खतापेक्षा या पंचांगावर अधिक अवलंबून असते.

हे पंचांग सूर्याच्या उंचीवरून ठरते. मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरच्या मध्यान्ही तेथे सूर्य दक्षिणेकडे कललेला, क्षितिजापासून सुमारे साडेसत्तेचाळीस अंशांवर असतो; मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी तो ७१ अंशांवर चढतो; आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तर डोक्यावरून किंचित उत्तरेकडे सरकलेला असतो, म्हणजे दक्षिणेच्या खिडकीकडे त्याने पाठच फिरवलेली असते. आता एक साधी खिडकी कल्पावी: उंची १२० सेंटिमीटर, आणि तिच्या माथ्यालगत ४५ सेंटिमीटर पुढे आलेला छज्जा. डिसेंबरच्या मध्यान्ही या छज्ज्याची सावली खिडकीच्या वरच्या सुमारे ४९ सेंटिमीटरवर पडते आणि खालच्या ७० सेंटिमीटर भागातून ऊन आत येते, म्हणजे कठड्यावर ठेवलेली कुंडी उन्हात न्हाऊन निघते. मार्चच्या विषुवदिनी हीच सावली १३० सेंटिमीटर खाली उतरते, म्हणजे अख्खी खिडकी झाकूनही उरते. पावसाळ्यात सूर्य खिडकीसमोर नसतोच, शिवाय आभाळ भरलेले असते. कोकणपट्टीत आणि देशावर दक्षिणेची खिडकी ही अशी हिवाळ्याची खिडकी आहे. नागपूर आणखी दोन अंश उत्तरेला असल्याने तेथे डिसेंबरचे ऊन थोडे अधिक खोल शिरते, कोल्हापुरात थोडे कमी. पण नियम तोच.

म्हणून खिडकीसाठी बी ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत पेरणे सोयीचे ठरते. ऑक्टोबरमध्ये रोपे मोठ्या कुंडीत जातात, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, म्हणजे ऊन सर्वांत आत येत असताना, फुले लागतात, आणि संक्रांतीच्या आसपास मिरच्या मिळू लागतात. ज्यांचा सप्टेंबर हुकला असेल त्यांनी दिवाळीत पेरणी केली तरी चालते. फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतील आणि उन्हाळ्याची काहिली सुरू होण्याआधी पहिला तोडा हाती लागेल. पूर्वेच्या खिडकीला सकाळचे कोवळे ऊन वर्षभर थोडेफार मिळत असल्याने ती दुसऱ्या क्रमांकाची मानावी. पश्चिमेच्या खिडकीत प्रकाश भरपूर असतो, पण एप्रिल-मेच्या दुपारी काचेलगतची हवा इतकी तापते की पाने करपतात आणि फुले गळतात, तेव्हा तेथे त्या दोन महिन्यांत पातळ पडदा लागतो. उत्तरेच्या खिडकीत दिव्याच्या मदतीशिवाय मिरची लावू नये, हे स्पष्ट सांगितलेले बरे.

उजेडाबाबत मानवी डोळ्याची साक्ष भरवशाची नाही. अंधार वाढला की डोळ्याची बाहुली मोठी होते आणि खोली 'छान उजेडाची' वाटत राहते, वनस्पतीला मात्र अशी सोय नसते. प्रकाशाची तीव्रता लक्स या एककात मोजतात; भर दुपारच्या उघड्या उन्हात ती सुमारे १ लाख लक्स असते, ढगाळ दिवशी उघड्यावर १० ते २० हजार, आणि दिवे लावलेल्या बैठकीच्या खोलीत अवघी काहीशे. काचेला टेकलेली कुंडी दोन-तीन फूट आत सरकवली तर तिला दिसणारा आकाशाचा तुकडाच लहान होतो आणि प्रकाश निम्म्याहूनही खाली उतरतो. डासांची जाळी, काचेवरची काळी फिल्म, समोरची इमारत आणि महिनोन्महिने न पुसलेली काच यांतील प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो. मोबाइलवर लक्स मोजणारी ॲप मिळतात. त्यांचे आकडे काटेकोर नसले तरी घरातील दोन जागांची तुलना करण्यास पुरेसे असतात. मुंबई-पुण्याच्या जुन्या इमारतींतील भिंतीबाहेर काढलेल्या बॉक्स ग्रिलला या हिशेबात मोठे मोल आहे, कारण तेथे कुंडीला समोरून आणि दोन्ही बाजूंनी आकाश दिसते. अर्थात तेथे कुंडीखाली ताटली न ठेवल्यास खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी ठिबकते, आणि त्यातून उद्भवणाऱ्या वादाला कोणत्याही कीडनाशकाचा उतारा नाही.

ऊन तीन-चार तासांपेक्षा कमी असेल तर घरगुती एलईडी ट्यूब हा स्वस्त उपाय आहे. त्यासाठी जांभळ्या प्रकाशाचे खास दिवे घ्यावे लागत नाहीत; 'कूल डेलाइट' म्हणून मिळणारी वीस वॉटची पांढरी ट्यूब रोपाच्या शेंड्यापासून १५ ते २० सेंटिमीटरवर टांगून रोज चौदा तास चालू ठेवली तरी रोपे ठेंगणी आणि दणकट वाढतात. ट्यूब छताला असेल तर तिचा उपयोग वाचनाला होतो, मिरचीला नाही. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा दिवा जवळजवळ अनिवार्य आहे, कारण तेथील सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही थोडा कमी भरतो. तेथे जानेवारी-फेब्रुवारीत दिव्याखाली रोपे करून मेनंतर ती दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची, असा महाराष्ट्राच्या नेमका उलटा क्रम ठेवावा लागतो.

जागा ठरल्यावर जातीचा प्रश्न येतो, आणि येथे नवशिक्याचा कल जहालपणाकडे असतो. मिरची ही बटाटा, टोमॅटो, वांगे यांच्या कुळातील, मूळची अमेरिका खंडातील वनस्पती आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि काळ्या मिरीच्या तिखटपणाशी साम्य असल्यामुळे तिचे नावही मराठीत मिरीवरूनच पडले. तिच्या लागवडीखाली आलेल्या प्रजाती पाच आहेत. त्यांपैकी कॅप्सिकम ॲनम या प्रजातीत ज्वाला, ब्याडगी, संकेश्वरी यांच्यासह ढोबळी मिरचीही मोडते, तर ईशान्य भारतातील भूत जोलोकिया ही मुख्यतः कॅप्सिकम चायनेन्स या प्रजातीची आहे. (जोलोकिया म्हणजे असमियात मिरची; तेव्हा 'भूत जोलोकिया मिरची' म्हणणे हे 'लेडीज बायका' म्हणण्यासारखे आहे.) जहालपणा मोजण्याची पद्धत अमेरिकी औषधनिर्माता विल्बर स्कोव्हिल यांनी १९१२ मध्ये सुचवली: मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात इतका पातळ करत जायचा की चाखणाऱ्यांना तिखट जाणवेनासे व्हावे, आणि त्यासाठी किती पट पाणी लागले तो आकडा म्हणजे त्या मिरचीचे स्कोव्हिल एकक. आता हे काम माणसाच्या जिभेऐवजी यंत्रे करतात, तरी एकक तेच राहिले आहे. ढोबळी मिरचीचा आकडा शून्य. भूत जोलोकियाने २००७ मध्ये १० लाखांचा टप्पा ओलांडून गिनीज बुकात स्थान मिळवले, आणि २०२३ मध्ये जाहीर झालेल्या पेपर एक्स या अमेरिकी मिरचीचा आकडा सुमारे २७ लाख आहे.

हे आकडे रंजक असले तरी खिडकीसाठी ते निकष होऊ शकत नाहीत. चायनेन्स प्रजातीचे बी उगवायलाच दोन ते चार आठवडे घेते, रोप सावकाश वाढते, फळ पिकायला लावणीपासून तीन-चार महिने लागतात, आणि एवढ्या काळात कमी उजेड, कोरडी हवा किंवा कीड यांपैकी एक तरी गोष्ट आडवी येते. त्याउलट लवंगीसारख्या बारीक फळांच्या जातीला एकेक फळ पोसायला फारसे श्रम पडत नाहीत, म्हणून मर्यादित उजेडातही तिला पुष्कळ फळे धरतात, आणि जहालपणात ती कोणत्याही मराठी स्वयंपाकघराला पुरून उरते. खर्ड्यासाठी दोन मिरच्या जास्त होतात. ज्वाला ही दुसरी भरवशाची जात. ब्याडगीचे मोल तिच्या रंगात आणि सुरकुतलेल्या वाळल्या सालीत आहे. चार कुंड्यांतून वर्षाचा मसाला होत नाही, तेव्हा ती बाजारातून आणलेलीच बरी. गोव्याच्या काणकोण तालुक्यातील खोला मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे त्या गावच्या डोंगरउताराशी तिचे गुण जोडलेले आहेत असे कायद्याने मान्य झाले आहे. तिचे बी खिडकीत उगवेल, पण डोंगर खिडकीत येणार नाही.

बियांसाठी दुकानातच जायला हवे असे नाही. घरातील वाळलेल्या लाल मिरचीतील बी, ती फार जुनी नसल्यास आणि यंत्राच्या उष्णतेऐवजी उन्हात वाळवलेली असल्यास, चांगले उगवते. हिरव्या मिरचीतले बी मात्र बहुधा कच्चे असते. संकरित जातीच्या फळातील बियांपासून येणारी झाडे आईबापांवर जातील की आज्यापणज्यांवर, हे सांगता येत नाही, म्हणून जातीची खात्री हवी असल्यास सुधारित सरळ वाणाचे पाकीट घ्यावे.

मिरचीच्या बियांना उगवायला उजेडापेक्षा ऊब लागते. २५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ॲनम प्रजातीचे बी एक ते दोन आठवड्यांत उगवते आणि पारा २० च्या खाली गेला तर महिनाही घेते. रात्रभर कोमट पाण्यात भिजवलेले बी, तळाला भोक पाडलेल्या चहाच्या कागदी कपात, अर्धा सेंटिमीटर खोल पेरून, कप झाकून ठेवावा. आठ-दहा दिवसांनी माती किंचित उचलली जाते आणि फिकट हिरवा आकडा वर येतो. मिरचीचे रोप सरळ बाहेर पडत नाही. मान वाकवून, पाठीने माती ढकलत येते आणि मग मान सरळ करते, त्यामुळे कोवळा शेंडा खरचटत नाही. कधी कधी बियाचे टरफल दोन्ही बीजपत्रांना, म्हणजे बियात आधीपासून असलेल्या पहिल्या दोन लांबट पानांना, टोपीसारखे चिकटून राहते. ते नखाने ओढून काढण्याचा मोह फार होतो आणि त्यात बीजपत्रे तुटतात. पाण्याचा थेंब ठेवून ते मऊ होऊ द्यावे, रोप आपणहून टोपी उतरवते. आकडा दिसताच झाकण काढून कप सर्वांत उजेडाच्या जागी न्यावा, कारण पुढचे दोन दिवस अंधारात गेले तर रोप उंच आणि लुकडे होते व पुढे कितीही ऊन दिले तरी ते खोड पुन्हा आखूड होत नाही. याच वयात माती सतत ओली राहिल्यास बुरशीमुळे खोड जमिनीलगत काळे पडून रोपे कोलमडतात. या रोगाला 'मर' म्हणतात आणि त्यावर उपचार नाही, फक्त हात आखडता ठेवून पाणी देणे आहे.

बीजपत्रांनंतर येणारी पाने ही खरी पाने. ती चार ते सहा झाली की रोप आठ ते दहा इंची कुंडीत हलवावे. लाल माती, गांडूळ खत आणि धुतलेले कोकोपीट समप्रमाणात घेतले तर मिश्रण हलके राहते. कोकोपीट धुवायचे ते त्यातील क्षार जावेत म्हणून. देशावरची काळी माती शेतात कितीही गुणाची असली तरी कुंडीत ती दडपलेल्या ओल्या पिठासारखी बसते आणि मुळे गुदमरतात. पाणी रोज द्यावे की एक दिवसाआड, या प्रश्नाला उत्तर नाही. बोट दोन पेरे मातीत घालून कोरडे लागले तर द्यावे, ओले लागले तर देऊ नये, आणि दिले तर तळातून निथळेपर्यंत द्यावे. खिडकीकडे कललेले रोप सरळ राहावे म्हणून कुंडी दोन-तीन दिवसांनी पाव वळशाने फिरवावी. खोडाच्या सावलीकडच्या बाजूस ऑक्झिन हे वाढीचे संप्रेरक जास्त साचून ती बाजू अधिक लांब वाढते, म्हणून रोप उजेडाकडे वाकते. गवताच्या कोंबांच्या टोकांवर टोप्या घालून ते वाकणे थांबवण्याचे प्रयोग चार्ल्स डार्विन यांनी मुलगा फ्रान्सिस याच्यासह केले होते व ते १८८० मध्ये प्रसिद्ध झाले.

खताचा अतिरेक ही हौशी माणसाची लाडकी चूक आहे. नत्र जास्त झाले की झाड गर्द हिरवे, भरगच्च आणि निष्फळ होते. महिन्याला मूठभर गांडूळ खत आणि कळ्या दिसू लागल्यावर पालाश अधिक असलेले एखादे खत एवढे पुरते.

झाडाला पहिला फाटा फुटतो तेथेच पहिली कळी येते, आणि खिडकीतल्या मिरचीची खरी परीक्षा येथून सुरू होते. मिरचीचे फूल पांढरे, बोटाच्या नखाएवढे, मान खाली घातलेले असते. उलटून पाहिले तर पाच-सहा पाकळ्यांच्या मध्यभागी निळसर-जांभळे परागकोश कोंडाळे करून उभे दिसतात आणि त्यांच्या मधोमध स्त्रीकेसराचे हिरवट टोक, म्हणजे कुक्षी, डोकावते. फूल सकाळी उमलते, मग परागकोश उभे उकलतात आणि त्यांच्या कडांवर पांढरी पूड दिसू लागते. हे फूल स्वतःच्याच परागाने फळू शकते, पण ती पूड कुक्षीवर पडण्यासाठी फूल हलावे लागते. शेतात ते काम वारा आणि मधमाश्या करतात, बंद काचेमागे कोणीच करत नाही. म्हणून सकाळी नऊ-दहाच्या सुमारास फुलाच्या देठावर मागून बोटाने दोन-तीन टिचक्या माराव्यात. बोट पुढे धरल्यास त्यावर परागाची बारीक धूळ उतरलेली दिसते. पंखा मंद चालू ठेवला तरी काम भागते. फळ धरले तर तीन-चार दिवसांत पाकळ्या वाळून कॉलरसारख्या मागे सरकतात आणि मधून हिरवा मणी दिसतो; न धरल्यास देठ पिवळा पडून फूल गळते. दिवसा ३५ च्या वर किंवा रात्री १३-१४ अंशांखाली तापमान गेले तर टिचक्या मारूनही फूल टिकत नाही. पुण्या-नाशिकच्या थंडीत रात्री खिडकी लावून घेणे, इतकाच त्यावरचा इलाज.

घरात मिरचीवर कीड येणार नाही, ही समजूत लवकरच मावळते. उलट ढालकिड्यांसारखे भक्षक आत नसल्याने मावा, पांढरी माशी, फुलकिडे आणि कोळी यांचे चांगलेच फावते. पाने आकसणे या लक्षणाला शेतकरी 'चुरडा-मुरडा' किंवा 'बोकड्या' म्हणतात, पण त्यामागची कारणे वेगळी असतात आणि पानाच्या वळणावरून ती बरीचशी ओळखता येतात: कडा वर वळून पान होडीसारखे झाले तर फुलकिडे, कडा खाली वळून पान उलट्या वाटीसारखे झाले तर कोळी. दोन्हींसाठी लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि चार थेंब द्रवरूप साबण एकजीव करून, संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूस फवारावे आणि दर पाच-सहा दिवसांनी तीनदा पुन्हा करावे. पांढऱ्या माशीमुळे आलेला विषाणू मात्र हटत नाही. शेंड्याची पाने बारीक, गुच्छासारखी आणि पिवळसर झाली तर ते झाड मनावर दगड ठेवून काढून टाकावे, म्हणजे शेजारच्या कुंड्या वाचतात.

जहालपणा देणारे द्रव्य कॅप्सेसिन होय. ते बियांत असते ही रूढ समजूत चुकीची आहे. ते बिया ज्याला चिकटलेल्या असतात त्या पांढऱ्या गाभ्यात तयार होते आणि बियांना केवळ लागून येते. फळ धरल्यापासून सुमारे तीन आठवड्यांनी त्याची निर्मिती जोर धरते, म्हणून घाईने तोडलेली कोवळी मिरची मिळमिळीत लागते. जीभ भाजल्याचा भास होतो तोही उगीच नव्हे, कारण कॅप्सेसिन ज्या मज्जातंतूग्राहकाला चेतवते तोच ग्राहक खऱ्या उष्णतेची वर्दी मेंदूला देतो; तो १९९७ मध्ये शोधून काढल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला. पक्ष्यांचा हा ग्राहक कॅप्सेसिनला दाद देत नाही, त्यामुळे ग्रिलमधल्या पिकल्या मिरच्या बुलबुलाने नेल्या तर नवल वाटायला नको. मिरच्या चिरून झाल्यावर हात नुसत्या पाण्याने धुण्यात अर्थ नसतो. कॅप्सेसिन तेलात विरघळते, म्हणून आधी गोडेतेल चोळून मग साबण लावावा.

मिरचीचे झाड एका हंगामाचे नाही. शेतकरी ते वर्षाला काढतो, कारण जमीन दुसऱ्या पिकाला हवी असते; कुंडीत ते दोन-चार वर्षे सहज जगते. एप्रिल अखेरीस फळे संपली की फांद्या पहिल्या फाट्यापासून वीतभर ठेवून छाटाव्यात, वरची दोन इंच माती बदलावी आणि पावसाळाभर झाडाला फक्त तगवून ठेवावे. सप्टेंबरात ऊन पुन्हा दक्षिणेकडे वळले की त्याला नवी फूट येते आणि बियांपासून वाढवलेल्या रोपाच्या महिनाभर आधी ते फुलते. बी राखायचे असल्यास सर्वांत आधी धरलेल्या, निरोगी फळांपैकी दोन-तीन झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावीत, सावलीत वाळवावीत आणि बी कागदी पाकिटात, जातीचे नाव व महिना लिहून, कोरड्या डब्यात ठेवावे. दोन-तीन वर्षे ते उगवते. शेतात शेजारच्या वाणाचा पराग मधमाश्यांच्या पायांना लागून येतो आणि लवंगीच्या बियात ढोबळीही मिसळू शकते. बंद खिडकीत मधमाशी येत नाही, आणि सकाळच्या टिचक्या ज्या अडचणीपायी माराव्या लागल्या तीच येथे वाण शुद्ध राखते. फक्त जवळ दोन जाती असतील तर एका फुलाला लावलेले बोट दुसऱ्याला लावण्याआधी पुसायला विसरू नये.